आईची सरी

पाडवा झाला की घरात भाजी विकत आणायची नाही, असा आमच्याकडे काही नियम नव्हता, पण आणली जात नसे एवढं खरं. ऊस तुटून गेलेला असे, खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, एखाददुसरं पाणी बसलेलं असे, आणि त्या ओल्या सऱ्यांमधून कुणी न पेरता चिगळ पसरायला लागे. शहरातले लोक तिला घोळ म्हणतात. तांबूस देठाची, बोटाला जाडसर लागणारी, जिभेवर आंबट. तिच्या मागोमाग तांदुळजा यायचा. पाटाच्या कडेला पाथरी असायची, ती तर रानातच धुऊन, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरीत घालून कच्ची खायची. विहिरीवरच्या चिंचेला कोवळा पाला फुटला की तो आमटीत पडे. आई सकाळची कामं आवरून बुट्टी काखेला मारायची आणि म्हणायची, "सुरे, चल गं, कोरड्यास बघाय." भाकरीबरोबर जे काही कालवण खायचं त्याला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात, मग ते पातळ का असेना. हा शब्द असा का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही आणि खाताना कुणी विचारतही नाही.

आमचं गाव पलूसजवळचं, काळ्या रानाचं, उसाचं आणि अलीकडे द्राक्षांचं. आई मात्र माण तालुक्यातली, दहिवडीच्याही पलीकडच्या एका वस्तीवरची. तिकडे पाऊस आला तर आला. तिच्या माहेरची निम्मी माणसं मुंबईला आणि उरलेली मेंढरांमागं. तिकडच्या बायका उन्हाळ्याच्या तोंडाला माळ धुंडाळून घर चालवत. सुट्टीत आजोळी गेलो की आई मला डोंगरावर न्यायची. काटेरी झुडपाच्या बुडात हात घालून बोटाएवढी, बिनपानांची माकडशिंगी काढायची, साल सोलून माझ्या हातावर ठेवायची. पहिल्यांदा ती कडूच लागते. मग पाणी प्यायलं की तोंड गोड होतं. मी ती आवडते म्हणून खायचे की आई माझ्याकडे बघत असायची म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. आई आमच्या घरी तशी अबोल. त्या डोंगरावर मात्र ती माझ्याशी मैत्रिणीसारखी बोलायची, म्हणून मला ते डोंगर फार आवडत.

तिकडची एक पद्धत होती. दुसऱ्याच्या रानात भाजीला शिरायचं तर आधी बांधावर उभं राहून हाक मारायची, "भाजी घिऊ का?" रानाचा मालक जवळ असला तर तो ओ द्यायचा, "घे." नाहीतर शेजारच्या रानातलं कुणीतरी द्यायचं. मेंढरांमागच्या पोरानं दिली तरी चालायची. पण ओ आल्याशिवाय पाय टाकायचा नाही. नाही कुणी म्हणत नसे. मी लहानपणी विचारलं होतं, कुणीच नाही म्हणत नाही तर विचारायचं कशाला? आई म्हणाली, "रान ज्याचं, त्याला ठावं असतं त्यात काय हाय ते. साप निघाला असंल, कुत्रं मेलं असंल. त्येनं सांगावं, आपून ऐकावं." आणि दुसरा नियम म्हणजे शेंडे खुडायचे, बूड ठेवायचं. उपटलेली भाजी तिनं कधी बुट्टीत घेतली नाही.

पावसाळ्यात आमच्या बांधावरच्या वारुळाला अळंबी यायची. शेजारपाजारच्या बायका पहाटे जाऊन ती पदरात भरून आणत, मटणासारखा मसाला घालून शिजवत, आणि आळीभर वास सुटे. आई मात्र अळंबीला हात लावायची नाही. "वारुळाला कुणी हाक मारायची? आन ओ आली म्हंजी?" असं म्हणून ती स्वतःच हसायची. म्हणून अळंबीची चव मला लग्नानंतर कळली.

आमच्या घरात तेव्हा आम्ही पाच माणसं. आण्णा, म्हणजे माझे वडील, लष्करातून हवालदार होऊन परत आलेले. घरातसुद्धा ते हुकूम दिल्यासारखं बोलत, पण हुकूम पाळला गेला की नाही हे बघायला मागं थांबत नसत, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, नवरा गेल्यावर माहेरी आलेली. मग माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणते. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो शेतात आला होता आणि शेती आता नव्या पद्धतीनं करायची असं त्याचं म्हणणं होतं. आत्याचा आईवर राग असा नव्हता, पण आईच्या बुट्टीवर होता. "बागायतदाराच्या घरात तण शिजतंय," असं ती शेजारणींना सांगायची. "लोकं रोजगारी लावून उपटून टाकत्यात, आन आमची भावजय ते पदरात घालून आणती." हे सांगून झालं की ती आत येऊन चिगळीचं गरगटं दोनदा मागून घ्यायची. डाळीत शिजवून घोटलेली चिगळ, वरून लसणाची फोडणी. ठेचलेली मिरची आई वेगळी द्यायची, कारण आत्याला तिखट सोसत नसे.

दादानं त्या वर्षी पाठीवरचा फवारणीचा पंप आणला आणि तणनाशकाचा डबा. भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, बायका मिळत नाहीत ही त्याची तक्रार खरीच होती. आण्णांना यंत्राची आवड. दोघं बापलेक ओसरीवर बसून डब्यावरचं वाचत होते. रुंद पानाचं सगळं तण मरतं, उसाला काही होत नाही, असं दादा मोठ्यानं वाचून दाखवत होता. रुंद पानाचं सगळं तण म्हणजे आमची सगळी भाजी, हे त्या दोघांच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या लेखी तण रानात असतं आणि भाजी ताटात. आई चुलीपुढं होती. तिनं ऐकलं असेल, पण औषध कधी मारणार, कुठे मारणार, हे बाप्यांचं बोलणं. त्यात ती पडत नसे, आणि तेही तिला सांगत नसत.

ती द्वादशी होती हे माझ्या लक्षात आहे, कारण आदल्या दिवशीची एकादशी सोडायला आत्याला लवकर जेवायचं होतं. आई आणि मी ऊन चढायच्या आत मळ्यात गेलो. खालच्या पट्टीत, विहिरीच्या अंगाला, चिगळ अशी माजली होती की सरीचा तळ दिसत नव्हता. पानं जरा ओली होती. आई म्हणाली, रात्री दारं धरलं असेल. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत सोडणं. औषधाचा वासही येत होता, पण शेजारी द्राक्षबाग. तिथे आठवड्यात चार वेळा फवारे सुरू असत, त्या वासाचं आम्हाला काही वाटेनासंच झालं होतं. आईनं एक शेंडा खुडून सवयीप्रमाणे तोंडात टाकला आणि आम्ही बुट्टी भरली. परक्याचं रान असतं तर तिनं बांधावर उभं राहून हाक मारली असती. त्याच पट्टीच्या वरच्या टोकाला, विहिरीच्या मोटरघराआड, दादा पंप धूत होता. त्यानं ओ दिली असती, आणि त्या दिवशीची ओ "घे" अशी नसती. पण आपल्याच रानात शिरताना कोण कुणाला विचारतं?

आत्या आधी जेवून उठली आणि पान खायला ओसरीवर गेली. मग आण्णा आणि दादा बसले, मीही माझं ताट घेऊन दाराशी बसले. आण्णांनी पहिला घास मोडला, गरगट्यात बुडवला आणि खूश होऊन विचारलं, "लय कवळी दिसती. कुठली गं?"

"आपलीच की. खालच्या पट्टीतली," आई म्हणाली.

दादाचा हात थांबला. "खालच्या पट्टीत तर मी सकाळी औषध मारलंय."

आण्णांनी हातातला घास टाकला, उठले आणि माझ्या पुढचं ताट पायानं उडवलं. अन्नाला पाय लावलेला त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी अजून खाल्लं नव्हतं हे कळल्यावर त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तसेच उभे राहिले. मग ओसरीवरून आत्यानं विचारलं, "काय झालं रं?" दादानं सांगितलं. तोवर ठणठणीत असलेली आत्या तिथेच पान थुंकून खाली बसली आणि तिला उलट्या सुरू झाल्या. त्या औषधानं झाल्या की ऐकून झाल्या, हे देवालाच ठाऊक. दादानं मोटारसायकल काढली, मधे आत्या, मागे तिला धरून आण्णा, असे तिघं पलूसला डॉक्टरांकडे गेले. जाताना आत्या ओरडत होती, "दुष्काळातली पोरगी केली आन मला पाला घालून मारलं!" रस्त्याला लागेपर्यंत आवाज येत होता.

घरात आम्ही दोघीच उरलो. आईनं पातेलं घरामागच्या परड्यात नेऊन त्यातलं गरगटं खड्डा काढून पुरलं, भाजीच्या काड्या म्हशीपुढून ओढून घेतल्या. मग ती गोठ्यामागं गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले, तर ती भिंतीला हात टेकून, घशात बोटं घालून ओकत होती. मला पाहून तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी काय खाल्लं न्हाई," ती म्हणाली. मी तिच्याबरोबर रानात होते, मला माहीत होतं. "कुणाला सांगू नको. उगंच दोनदोन माणसं दवाखान्यात कशाला." मी ताक आणून दिलं, ते ती प्यायली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. मला त्या दुपारी फार भीती वाटली. तू खाल्लंस का, असं तिला नंतरही कुणी विचारलं नाही. त्याचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली, ज्यांचा यावा ती निम्मी माणसं आता नाहीत, तरी आहे.

आत्या संध्याकाळी सलाइन लावून परत आली. डॉक्टर म्हणाले होते, फार काही पोटात गेलेलं दिसत नाही, दोन दिवस हलकं खा. पुढे पंधरा-वीस वर्षं ती हा प्रसंग सांगत राहिली आणि दर वेळी ती मरणाच्या आणखी जवळ गेलेली असायची. आण्णांनी मात्र ओसरीवर चप्पल काढताकाढताच सांगितलं, "उद्यापासनं ह्या घरात तणाचं कोरड्यास न्हाई. बुट्टी माळ्यावर टाका." बुट्टी माळ्यावर गेली. मग बाजारातून कोबी यायला लागला, फ्लॉवर यायला लागला. आई ते व्यवस्थित करायची, मीठमसाला जिथल्या तिथं, आणि सगळे गुमान जेवून उठायचे. आई मळ्यात जाईनाशी झाली. घरातलं काम उरकलं की उंबऱ्यात बसायची. त्या सुट्टीत ती माहेरीही गेली नाही. तिला काय झालं होतं हे मला नीट कळत नव्हतं, पण तिच्यातलं काहीतरी आमच्या घरानं काढून घेतलंय एवढं कळत होतं.

पुढच्या चैतात खालच्या पट्टीला पुन्हा औषध मारायचं ठरलं. या वेळी दादा शहाणा झाला होता, घरात मोठ्यानं सांगून गेला, "आज खालच्या पट्टीत पंप हाय, कुणी फिरकू नका." आण्णा बरोबर गेले. आईनं चुलीवरचा तवा उतरवला, माळ्यावरची बुट्टी काढली आणि निघाली. मी कळशी घेऊन मागून. पट्टीवर पोचली तशी ती सरळ विहिरीकडच्या शेवटच्या सरीत उतरली आणि चिगळीत मांडी घालून बसली.

दादा पंप पाठीवर घेऊन सरी-सरीनं पुढे येत होता, तो थांबला. आण्णा बांधावरून ओरडले, "अगं ऊठ! याड लागलंय काय?"

"मारू द्या की त्येला. माझ्यावरनं मारू द्या."

"लोकं बघत्यात." खरंच, द्राक्षबागेतले गडी काम थांबवून बघत होते.

"बघू द्या," आई म्हणाली. "आवं, मला एक सांगा. तुमी मला बघाय आला व्हता, तवा माझ्या बाच्या घरात काय वाढलं व्हतं?"

भरलेला पंप जड असतो. दादानं तो या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकवला.

"सांगा की."

"चिगळ," आण्णा म्हणाले.

"दुसरं काय नव्हतंच घरात. माझी आई चुलीम्होरं रडत व्हती, पावन्यांना काय वाढू म्हणून. आन तुमी दोन बाऱ्या मागून घेतली. तुमच्या संगं आल्याली माणसं तोंड वाकडं करत व्हती, तुमी मागून घेतली. म्हणून मी व्हय म्हणाले. न्हाईतर मला हितं एवढ्या लांब यायचं नव्हतं."

एवढं मोठं वाक्य आईनं आण्णांना त्याआधी कधी ऐकवलं असेल असं मला वाटत नाही. आण्णांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. द्राक्षबागेकडे पाहिलं. मग दादाला म्हणाले, "ती एक सरी सोड रं."

"आण्णा, एक सरी सोडली तर त्यातनं सगळीकडं—"

"सोड म्हणलं न्हवं!" हा हुकूम मात्र ते उभं राहून पाळून घेणार होते.

आई उठली नाही. "आन मी आजपासनं हाक मारीन. आपलंच रान हाय तरी मारीन. तुमी ओ द्यायची."

"माझ्याच रानात मी तुला ओ देऊ?"

"व्हय. त्या दिशी कुणी न्हाई म्हणाय नव्हतं, म्हणून झालं ते."

मग ती उठली, पाठीमागची माती झटकली, बांधावर आण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे न बघता, समोर रानाकडे तोंड करून माणातल्यासारखी हाक मारली, "भाजी घिऊ का?" आण्णा लाजेनं लाल झाले. शेवटी जमिनीकडे बघत, ऐकू येईल न येईल असं म्हणाले, "घे."

ती सरी तेव्हापासून आईची सरी झाली. सातबारा आण्णांचा, मग दादाचा, पण ती सरी आईची. तिच्यातलं तण आई हातानं काढायची, म्हणजे खुडून खुडून खायला घालायची. रोज सकाळी बांधावरून हाक यायची आणि आण्णा असतील तिथून, विहिरीवरून, गोठ्यातून, एकदा तर गावच्या पुढाऱ्यांबरोबर बोलता बोलता, "घे गं!" म्हणून ओरडायचे. लोक हसायचे. हळूहळू त्यांनाच त्याची गोडी लागली. आई कुठल्या दिवशी गेली नाही तर संध्याकाळी विचारायचे, "आज हाक न्हाई आली ती?" आण्णा गेल्यावर ओ द्यायचं काम आपसूक दादाकडे आलं. ओ द्यायचीच म्हणजे औषध कधी मारलं, वारं कुठलं होतं, शेजारच्या बागेत फवारा कधी झाला, हे सगळं लक्षात ठेवणं आलं. दादा ते ठेवायचा. पण त्या सरीला औषधाचा थेंब कधी लागला नाही, त्यामुळे ओ नेहमी "घे" अशीच असायची. आईनं शेवटच्या वर्षीही, काठी टेकत बांधापर्यंत जाऊन, हाक मारली होती.

मी आता सांगलीला राहते. इथे मंडईत चिगळ जुडी बांधून मिळते, औषधी म्हणून लोक घेतात, आत्याला हे बघायला मिळायला हवं होतं. मी ती घेत नाही. पाडव्यानंतर एखाद्या सकाळी गावाकडची एसटी धरते. यंदा गेले तर मळ्यावर ड्रोन चालला होता. आधी कुपवाडात कारखान्यात कामाला असलेला एक मनुष्य आता ड्रोन घेऊन गावोगाव फवारण्या करतो. रस्त्यावर उभं राहून हातातल्या यंत्रावर बोटं फिरवायची, की ते डोक्याएवढ्या उंचीवरून अख्खी पट्टी भिजवत जातं. दादानं आईच्या सरीच्या कडेनं बांबू रोवून जुनी ताडपत्री ताणली होती आणि सत्तरीला टेकलेला तो स्वतः, तोंडाला टॉवेल बांधून, वाऱ्यानं हलणारं तिचं टोक धरून उभा होता. ड्रोनवाला मला सांगत होता, "मावशी, एका सरीसाठी काका किती कटकट करत्यात बघा की. तिच्यात तर नुसतं तण हाय."

सरी मात्र गच्च भरली होती. मी माळ्यावरची बुट्टी आणली होती, बांधावर उभी राहिले आणि हाक मारली. ड्रोनच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. पण दादाला माझं तोंड हललेलं दिसलं असावं. त्यानं ड्रोनवाल्याकडे हात केला. यंत्र रस्त्यावर उतरलं, पंखे थांबले, रानात एकदम शांत झालं.

"हां, आता मार हाक," दादा म्हणाला.

"भाजी घिऊ का?"

त्यानं ताडपत्रीचं टोक सोडलं. खाली वाकला, चिगळीचं एक पान खुडून बोटानं चोळलं, नाकाशी नेलं. मग बोट ओलं करून वारं बघितलं, एकदा द्राक्षबागेकडे, एकदा सरीकडे. त्याला बराच वेळ लागला.

"आज नको," तो म्हणाला. "वारं फिरलंय, आत उडालंय जरा. कुणी खुडायची न्हाई ही. नवा शेंडा फुटू दे, मग मी फोन करतो."

मी रिकामी बुट्टी काखेला मारून घरी आले. वहिनीनं कोबी केला होता, तो पोटभर जेवले. जेवताना डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वहिनीनं विचारलं, तिखट झालं का, आणि मी हो म्हणाले.